डस्टर 1.5 डिझेल: घरी बसवलेलं टायमिंग किट, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा), टेन्शनर (त्या पट्ट्याला ताण देणारी पुली) आणि वॉटर पंप (कूलंट फिरवणारा) असं पूर्ण किट बसवल्यावर कडक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा गेला. इंजिनातून वेगळा आवाज नाही, कूलंटची पातळी जागची हलली नाही, आणि वरचं कव्हर काढून पाहिलं तर पट्ट्याच्या कडा शाबूत आहेत. किटला पूर्ण गुण. पण हे काम टिकतं ते पट्ट्यापेक्षा टेन्शनरच्या काट्यावर (ताण बरोबर आहे का ते दाखवणारी खूण) आणि वॉटर पंपावर, म्हणून त्या दोन्हींबद्दल जरा सविस्तर.

रेनॉचं हे के9के इंजिन, 1461 सीसी, आठ वॉल्व्हचं. डस्टरशिवाय लॉजी, टेरानो, सनी, मायक्रा आणि डिझेल व्हेरिटोतही हेच. कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा), डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप तिन्ही एकाच दातेरी पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला किंवा काही दात सुटले की पिस्टन वॉल्व्हला धडकतो, वॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. वरून पाहून पट्टा ‘अजून चांगला आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. हल्लीच्या एचएनबीआर या कृत्रिम रबराला जुन्या पट्ट्यांसारख्या भेगा पडतीलच असं नाही. मॅन्युअलमधली वर्षं आणि किलोमीटर यांत जे आधी येईल ते धरावं. शहरात इंजिन तासन्‌तास आयडलवर चालतं, ते किलोमीटरमध्ये दिसतच नाही.

नुसता पट्टा घेऊन पैसे वाचवू नका. पंपाचं बेअरिंग ढिलं झालं की पुली तिरकी फिरते आणि नव्या पट्ट्याची कड खाते. शिवाय पंप नंतर बदलायचा तर सगळी उस्तवार पुन्हा. किटबरोबर क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) पुलीचा नवा बोल्ट घ्याच, तो एकदाच वापरायचा असतो. बाहेरचा अल्टरनेटरचा पट्टा आणि त्याचा टेन्शनरही याच वेळी बदला. या इंजिनात तो पट्टा फाटला की त्याचे दोरे क्रँक पुलीच्या मागून टायमिंग बेल्टमध्ये शिरतात, आणि नवा टायमिंग बेल्टही त्यात जातो. पॅकिंग उघडल्यावर पट्ट्यावरचा पार्ट नंबर आणि छपाई तपासून घ्या, बाजारात नकली माल भरपूर आहे.

उघडण्याचा भाग सरळ आहे. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक उतरवा, गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. सम्पखाली (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) लाकडाचा ठोकळा घालून जॅकचा आधार द्या आणि मगच उजवं इंजिन माउंटिंग सोडा. क्रँकचा बोल्ट सोडताना गाडी पाचव्या गिअरमध्ये आणि ब्रेकवर जोडीदाराचा पाय. लॉकिंग पिनच्या (जुळवणीसाठी भोकात घालायची खुंटी) भरवशावर हा बोल्ट कधीही सोडू किंवा आवळू नका. पिन वाकते, कधी ब्लॉकच तडकतो. पिनचं काम फक्त जागा दाखवणं.

इंजिन नेहमी घड्याळाच्या दिशेने, पान्याने हळू फिरवायचं. कॅम पुलीचं भोक हेडवरच्या भोकाजवळ आलं की ब्लॉकवरचा प्लग काढून क्रँकची पिन घाला आणि क्रँक तिला हलकेच टेकेपर्यंत फिरवा. आता 8 मिमीची कॅम पिन बोटाच्या जोराने आत गेली पाहिजे. ठोकावी लागत असेल तर जागा चुकली आहे. हाय प्रेशर पंपाच्या पुलीची खूणही जुना पट्टा असतानाच पेंटने पक्की करा.

जुना पंप काढल्यावर बसायची जागा प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा. ॲल्युमिनियमला स्क्रू ड्रायव्हर लावला की ओरखडा पडतो आणि तिथूनच गळती सुरू होते. गास्केट आलं असेल तर त्यावर सिलिकॉन थापू नका. बोल्ट एम6चे (6 मिमी जाडीचे) आहेत, आवळायला 11 न्यूटन-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) पुरे. क्रँक किंवा कॅमचं सील ओलसर दिसलं तर आत्ताच बदला, तेलाने पट्ट्याचं रबर फुगतं. क्रँकचं टोक आणि दातेरी चाकाचा आतला भाग ब्रेक क्लीनरने कोरडा करा. तिथे तेल राहिलं तर बोल्ट आवळूनही चाक सरकू शकतं.

आता टेन्शनर. पट्टा बसवताना त्याला पीळ देऊ नका, उलटा दुमडू नका, टॉमीने (लोखंडी दांड्याने) ढकलू नका. 6 मिमीच्या अ‍ॅलन कीने टेन्शनर घड्याळाच्या उलट दिशेने ताणून बोल्ट आवळा, पिना काढा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. नव्या पट्ट्याची खरी बैठक इथे होते आणि काटा जागेवरून हलतो. पिना पुन्हा घालून पाहा. दोन्ही सहज गेल्या तर त्या काढून, अ‍ॅलन कीने टेन्शनर धरून बोल्ट जेमतेम एक आटा सैल करा, काटा खाचेच्या बरोबर मधोमध आणा आणि 25 ते 27 न्यूटन-मीटरला आवळा. ही दुसरी जुळवणी घाईत बरेच जण गाळतात. पट्टा जास्त ताणला तर स्पीड वाढला की बारीक शिट्टी येते आणि पंपाचं बेअरिंग लवकर जातं. ढिला राहिला तर थंड इंजिन सुरू होताना कव्हरला फडफड ऐकू येते.

क्रँक बोल्टचा टॉर्क एम12 आणि एम14ला वेगवेगळा, आणि वर अंशांत फिरवायचा असतो. आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. अंश मोजायला बोल्टच्या डोक्यावर पेंटची रेघ पुरते.

पाहणीत एकच गोष्ट खटकली. खालच्या प्लास्टिक कव्हरची एक क्लिप तुटकी होती, आणि पावसाळ्यानंतर नेमक्या त्याच कोपऱ्यात चिखलाचा पातळ थर सापडला. पट्ट्यापर्यंत पोचला नव्हता, पण वाळूचा कण दातांत गेला की पट्टा झिजतोच. क्लिपा आधीच मागवून ठेवा. पंपाच्या ड्रेन भोकाजवळ कूलंटची वाळलेली खपली दिसते का, हे प्रत्येक सर्व्हिसला टॉर्च मारून पाहायचं. सुरुवातीला एखादा ओघळ दिसू शकतो, तो पुसून टाका. पुसल्यावर पुन्हा आला तर पंपावर शंका घ्या आणि गाडी लांबच्या प्रवासाला काढू नका.