फुकटच्या टूलचं लायसन्स: क्लाउडवर सर्व्हर हलवताना आम्हाला लागलेला चुना

भोसरीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराने मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या मशिनवर, हलवायचं एक कोटेशन पाठवलं. "जरा नजर टाक, रेट बरोबर वाटतोय का?" तिसऱ्या ओळीवरच अडखळलो. "एंटरप्राइझ रेप्लिकेशन सूट, लायसन्स, प्रति सर्व्हर." रेप्लिकेशन म्हणजे जुन्या सर्व्हरची क्लाउडवर कॉपी. हीच ओळ, याच शब्दांत, आमच्या कंपनीच्या कोटेशनमध्येही होती. आम्हाला १८,००० लावले होते, त्याला २२,००० लावलेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमची कंपनी गाड्यांचे लहानसहान पार्ट बनवते. सर्व्हर रूममध्ये दोन जुने होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष मशिन, त्यांवर व्हीएमवेअर (एका मशिनवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर), आणि त्यावर ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्याचा एसक्यूएल डेटाबेस, टॅली, फाइल सर्व्हर, हजेरीचं सॉफ्टवेअर वगैरे मिळून बारा व्हर्च्युअल सर्व्हर. आयटी मी बघतो, म्हणजे प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत सगळंच. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून सगळ्यांना वर्गणीवर आणलं. व्हीस्फिअर ७ या व्हीएमवेअरच्या जुन्या आवृत्तीचा सपोर्टही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. आमच्यासारख्या लहान कंपन्यांची तेव्हापासून पळापळ सुरू आहे, आणि पळापळ दिसली की विकणारे दारात उभे राहतातच. आमच्या दारातले कन्सल्टंट शेठच्या एका स्नेह्यांच्या ओळखीने आले.

आधी झालं "क्लाउड रेडिनेस असेसमेंट". दीड लाख रुपये. रिपोर्ट गुळगुळीत कागदावर, स्पायरल बाइंडिंग करून. आमच्या ईआरपीच्या सर्व्हरला ८ कोअर आणि ३२ जीबी रॅम दिलेली होती, पण प्रोसेसरचा वापर महिनाअखेरीलासुद्धा २० टक्क्यांच्या वर क्वचित जायचा. रिपोर्टने त्याला ॲमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस) सुचवलं एम५.२एक्सलार्ज हे मशिन. म्हणजे पुन्हा ८ कोअर, ३२ जीबी. बाराही सर्व्हरचं हेच. असेसमेंट करायचं ते प्रत्यक्ष वापर मोजून मशिनचा आकार कमी करता येतो का हे बघायला. इथे जुन्या यादीची नक्कल होती. त्याचं कारण नंतर उमगलं: क्लाउडचं बिल यांच्यामार्फत येणार होतं, आणि बिल जितकं फुगेल तितकी यांची मलई जास्त.

मग मायग्रेशन. बारा सर्व्हरचं "लायसन्स" २,१६,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण २,५४,८८०. मजुरी वेगळी. काम तसं झालं, हे खोटं बोलणार नाही. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, तो दिवस धरून कटओव्हर (काम नव्या सर्व्हरवर वळवणं) केला आणि शुक्रवारी डिस्पॅचची चलनं निघाली.

बिंग फुटलं ते भलतीकडूनच. आम्हाला त्यांनी फक्त रीड-ओन्ली, म्हणजे नुसतं बघता येईल असं, लॉगिन दिलं होतं, बिलिंगचं पान बंद. तिमाही उलटून गेली तरी महिन्याचं बिल उतरेना, म्हणून मी मशिनची यादी उघडली. आमच्या सर्व्हरच्या मधोमध एक अनोळखी मशिन चालू दिसलं, नाव "एडब्ल्यूएस ॲप्लिकेशन मायग्रेशन सर्व्हिस रेप्लिकेशन सर्व्हर". हे नाव आम्ही दिलेलं नव्हतं, कन्सल्टंटनेही नाही. सर्व्हिस स्वतःच ते नाव देते. म्हणजे "एंटरप्राइझ सूट" वगैरे काही नव्हतंच. ॲमेझॉनचं स्वतःचं टूल होतं, आणि ते प्रत्येक सर्व्हरमागे २,१६० तास, म्हणजे ९० दिवस, फुकट असतं. किमतीच्या पानावर सरळ लिहिलंय. पैसे पडतात ते कॉपी चालू असताना लागणाऱ्या डिस्कचे आणि त्या छोट्या मशिनचे.

ते मशिन तेव्हाही चालू का होतं, हीसुद्धा एक गंमत. कटओव्हर झाला की "फायनलाइज कटओव्हर" हे बटण दाबायचं असतं. त्यानंतर कॉपी थांबते आणि मधल्या डिस्क, मशिन साफ होतात. ते दाबलंच नव्हतं. वर "सेफ्टीसाठी जुने सर्व्हर चालू ठेवा" असा सल्ला त्यांचाच. त्यामुळे जुन्या सर्व्हरवरचा कोणाच्याही कामाचा नसलेला डेटा रोज क्लाउडवर कॉपी होत होता, डिस्कचं भाडं चढत होतं आणि ९० दिवस संपल्यावर टूलचेही तासाचे पैसे सुरू झाले होते.

खरा फास मात्र खात्याचा. जाब विचारला तेव्हा कळलं की खात्याचा रूट ईमेल (खात्याचा पूर्ण ताबा ज्याच्याकडे असतो तो पत्ता) त्यांच्या डोमेनवरचा आहे. सामान आपलं, भाडं आपण भरतोय आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी गत. रिसेलरमार्फत, म्हणजे मधल्या विक्रेत्यामार्फत, बिल घेणं यात वावगं काही नाही, बऱ्याच कंपन्या घेतात. पण रूट ईमेल ग्राहकाच्या डोमेनवर, त्याचा एमएफए (लॉगिनची दुसरी खात्री) ग्राहकाच्या हातात, हे पीओ (खरेदीची ऑर्डर) काढण्यापूर्वी लेखी घ्या. आमच्याकडे "अकाउंट ट्रान्सफर चार्जेस" म्हणून तीन लाख मागितले.

आम्ही दिले नाहीत. विंडोजचे ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड आमच्याकडे होते. कंपनीच्या नावाने नवं खातं उघडलं, क्लाउडवरच्या त्याच सर्व्हरवर त्या टूलचा एजंट (कॉपी करणारा छोटा प्रोग्राम) नव्या खात्याच्या चाव्या देऊन बसवला, आणि ज्या टूलचे अडीच लाख मोजले होते त्याच टूलने, फुकटच्या मुदतीत, बारा सर्व्हर आमच्या खात्यात ओढून घेतले. बाहेर जाणारे ४४३ आणि १५०० हे पोर्ट (नेटवर्कचे दरवाजे) उघडे लागतात, बाकी विशेष काही नाही. ईआरपी आता अर्ध्या आकाराच्या मशिनवर चालतो. त्रास दिला तो फक्त हजेरीच्या यंत्रांनी. त्यांच्यात सर्व्हरचा जुना आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) कोरून ठेवलेला, आणि शुक्रवारी सकाळी पहिल्या शिफ्टची अख्खी रांग गेटवर माझ्या नावाने शंख करत उभी.

तुमचा बेत दुसऱ्या क्लाउडवर जायचा असेल तरी हिशोब फार वेगळा नाही. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर मायग्रेटचं असेसमेंट फुकट आहे. त्याचं अप्लायन्स (माहिती गोळा करणारा तयार सर्व्हर) आपल्याच व्हीसेंटरवर (व्हीएमवेअर सांभाळायचं सॉफ्टवेअर) बसवायचं, ते वापर मोजतं आणि खर्चाचा अंदाजही देतं. सर्व्हर हलवण्याच्या टूलला प्रत्येक मशिनमागे पहिले १८० दिवस शुल्क नाही. गूगलच्या मायग्रेट टू व्हर्च्युअल मशीन्सचंही शुल्क नाही, पैसे लागतात ते साठवणुकीचे आणि मशिनचे. ॲमेझॉनचं असेसमेंटचं टूल, मायग्रेशन इव्हॅल्युएटर, तेही फुकट. कन्सल्टंटने नेटवर्कच्या, फायरवॉलच्या, टेस्टिंगच्या मेहनतीचे पैसे घ्यावेत, त्याला कोणाचीच ना नाही. आणखी एक विचारा: मोठ्या क्लाउड कंपन्या मायग्रेशनसाठी पार्टनरमार्फत क्रेडिट किंवा निधी देतात. तुमच्या कामापोटी तसं काही घेतलंय का? आम्ही मेलवर विचारलं, उत्तर अजून नाही.

वकिलामार्फत नोटीस पाठवली. त्यावर त्यांचं म्हणणं, ते पैसे लायसन्सचे नव्हतेच, "टूल हँडलिंग"चे होते. पण त्यांच्याच टॅक्स इनव्हॉइसवर त्या ओळीसमोर एसएसी कोड (जीएसटीत सेवेचा प्रकार सांगणारा आकडा) छापलाय ९९७३३१, म्हणजे सॉफ्टवेअर वापरण्याच्या परवान्याचा. सध्या प्रकरण तिथे अडकलंय.