प्वांत-ओ-पेर: सेंट लॉरेन्सच्या काठावरील दीपगृह आणि धुक्याचा भोंगा

कॅनडाच्या क्विबेक प्रांतात, रिमूस्की शहराच्या पूर्वेस सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर प्वांत-ओ-पेर हे ठिकाण आहे. येथील सागरी वारसास्थळात एकाच आवारात 1909 चे दीपगृह, भोंग्याची इमारत, रखवालदारांची घरे, 'एम्प्रेस ऑफ आयर्लंड' या बुडालेल्या जहाजाचे संग्रहालय आणि 'ओनोंडागा' ही पाणबुडी पाहता येते. बहुतेक पर्यटक पाणबुडी आणि जहाज यांच्या ओढीने येतात. मला मात्र या स्थळाचे खरे मोल दीपगृह आणि भोंगा यांच्या जोडीत दिसते. ती जोडी नीट समजून घेतली, तर बाकीच्या दालनांचा अर्थही आपोआप उलगडत जातो.

नदी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे पात्र येते, त्याच्याशी येथील सेंट लॉरेन्सचा फारसा संबंध नाही. पाणी खारट आहे, भरती-ओहोटी येते आणि पलीकडचा किनारा सुमारे पन्नास किलोमीटर दूर राहतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीस या अतिशय थंड पाण्यावरून उबदार, दमट हवा वाहू लागली की पाहता पाहता धुके दाटते. माँट्रियल आणि क्विबेककडे जाणारे प्रत्येक मोठे जहाज याच वाटेने जाई, आणि 1905 पासून 1959 पर्यंत नदीतील वाट दाखवणारे पायलट येथेच जहाजावर चढत किंवा उतरत असत. याचा अर्थ असा, की ज्या पाण्यात धुके वारंवार उतरते त्याच पाण्यात जहाजांना वेग कमी करून किनाऱ्याजवळ यावे लागे. दीपगृह, भोंगा, पायलट केंद्र आणि पुढे बिनतारी केंद्र या सर्व सोयी जमिनीच्या या एकाच टोकावर का एकवटल्या, याचे उत्तर या भूगोलात आहे.

येथे पहिला दिवा 1859 मध्ये लागला. ती इमारत 1867 मध्ये आगीत भस्मसात झाली आणि त्याच वर्षी दुसरी उभी राहिली. आज दिसणारा तिसरा मनोरा 1909 चा असून त्याची उंची 33 मीटर आहे. मधला सडपातळ अष्टकोनी स्तंभ आणि त्याला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या तिरप्या काँक्रीटच्या आधार-कमानी, ही रचना कॅनडाच्या दीपगृह विभागाचे मुख्य अभियंता विल्यम अँडरसन यांच्या काळातील आहे. प्रबलित, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेले, काँक्रीट तेव्हा नवे होते. भरीव मनोरा बांधण्याऐवजी कमी साहित्यात उंची गाठायची आणि तरीही वाऱ्यात मनोरा ताठ राहिला पाहिजे, हा हिशेब त्या कमानींत उघड दिसतो. पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की कमानींच्या मधून आकाशाच्या पट्ट्या दिसतात, आणि बांधकामाचा एकही भाग शोभेसाठी केलेला नाही हे लक्षात येते.

आतला जिना 128 पायऱ्यांचा आहे. तो अरुंद आहे, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खालूनच मनोरा पाहावा हे बरे. वर पोहोचल्यावर मात्र श्रम कारणी लागतात. काचेच्या प्रिझमची वर्तुळे एकावर एक रचून बनवलेले फ्रेनेल भिंग इतक्या जवळून पाहिले की, एका लहानशा ज्योतीचा उजेड वाया जाऊ न देता तो क्षितिजाच्या दिशेने कसा वळवला जात असेल, हे चित्राविनाही समजते. वरच्या आणि खालच्या प्रिझमचे कोन वेगवेगळे का आहेत, हे मार्गदर्शकाला अवश्य विचारावे. मनोऱ्याच्या भेटीचा गाभा त्या एका प्रश्नात आहे.

आता भोंग्याच्या इमारतीविषयी. ती बसकी आणि साधी आहे, मनोऱ्याच्या शेजारी ती सहज दुर्लक्षिली जाते, आणि नेमके हेच टाळावे असे मी आग्रहाने सांगेन. धुक्यात सर्वांत तेजस्वी दिवाही निरुपयोगी ठरतो आणि तेव्हा खलाशाला केवळ कानांचा आधार उरतो. आधीच्या पिढ्यांनी त्यासाठी घंटा वापरल्या, तोफा डागल्या. वाफेवर चालणारी पहिली धुके-शिट्टी 1859 मध्ये कॅनडातच, न्यू ब्रन्सविकमधील सेंट जॉन बंदराबाहेरच्या पार्ट्रिज बेटावर, रॉबर्ट फाउलिस यांच्या कल्पनेतून उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी टोरांटोच्या जॉन नॉर्दी यांनी 'डायफोन' हा भोंगा विकसित केला आणि तो कॅनडाच्या किनाऱ्यांचा आवाज बनला. त्याची युक्ती ऐकण्यासारखी आहे: खाचा असलेला एक दट्ट्या तशाच खाचांच्या नळकांड्यात दाबलेल्या हवेच्या जोरावर वेगाने मागे-पुढे सरकतो, खाचा जुळल्या की हवा सुटते, सरकल्या की अडते, आणि या धक्क्यांतून घनगंभीर नाद निर्माण होतो. नाद संपताना दट्ट्याची गती मंदावते आणि शेवटी एक खालच्या पट्टीतला हुंकार उमटतो, ज्यावरून खलाशी डायफोन लगेच ओळखत. प्रत्येक केंद्राचा नाद आणि शांततेचा कालावधी ठरलेला असे. घड्याळ हाती धरून तो मोजला की आपण कोणत्या टोकापाशी आहोत हे कळत असे. यासाठी कॉम्प्रेसर चालू ठेवणे, हवेच्या टाक्यांतील दाब सांभाळणे आणि धुके विरेपर्यंत न झोपणे ही रखवालदार व त्याच्या मदतनिसाची जबाबदारी होती. आवारातील त्यांची घरे हे जाणून पाहिली, तर ती केवळ टुमदार जुनी घरे राहत नाहीत.

आवाजाला एक मोठी मर्यादा आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी 1873 पासून इंग्लंडच्या साउथ फोरलँड येथे केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले, की हवेतील तापमान आणि आर्द्रतेच्या फरकांमुळे मोठा आवाजही कधी कधी जवळच्या अंतरावर ऐकू येत नाही. शिवाय भोंगा जहाजाला किनारा कोठे आहे हे सांगू शकतो, समोरून येणारे दुसरे जहाज नेमके कोणत्या दिशेला वळत आहे हे सांगू शकत नाही.

ही मर्यादा मनात ठेवूनच 'एम्प्रेस'च्या दालनात जावे. 28 मे 1914 रोजी क्विबेकहून लिव्हरपूलला निघालेल्या या जहाजाने मध्यरात्रीनंतर प्वांत-ओ-पेर येथे पायलटला उतरवले. थोड्याच वेळात 'स्टोरस्टॅड' हे नॉर्वेचे कोळसावाहू जहाज समोरून येताना दिसले. दोघांनी एकमेकांचे दिवे पाहिले होते, आणि मग मध्ये धुके आले. शिट्ट्यांनी इशारे दिले गेले, तरीही पहाटे दोनच्या सुमारास टक्कर झाली आणि अवघ्या 14 मिनिटांत 'एम्प्रेस' बुडाली. जहाजावरील 1,477 जणांपैकी 1,012 जण मरण पावले. किनाऱ्यावरील बिनतारी केंद्राने संकटाचा संदेश ऐकला आणि मदतीसाठी 'युरेका' व 'लेडी एव्हलिन' या बोटी रवाना झाल्या. कलंडलेल्या जहाजाची आठवण करून देणाऱ्या इमारतीत हे सारे मांडले आहे. मांडणी संयत आहे, सनसनाटीचा मोह टाळलेला आहे, आणि मृतांचा आदर राखला गेला आहे. माझ्या मते हेच तिचे सर्वांत मोठे यश आहे.

बिनतारीचा आणखी एक प्रसंग याच पाण्यातला. 1910 मध्ये पत्नीच्या खुनाचा संशयित हॉली क्रिपेन 'माँट्रोझ' जहाजातून पळाला. कप्तान हेन्री केंडल यांनी त्याला ओळखून बिनतारीने लंडनला कळवले, आणि लंडन पोलिसांचे निरीक्षक वॉल्टर ड्यू पायलटच्या वेशात येथूनच जहाजावर चढले. चार वर्षांनंतर 'एम्प्रेस'चे कप्तान हेच केंडल होते.

'ओनोंडागा' पाणबुडी 2009 पासून लोकांसाठी खुली आहे आणि मुलांना ती मनापासून आवडेल. परंतु ती ब्रिटनमध्ये बांधली गेली, तिची सेवा अटलांटिकमध्ये झाली, आणि या टोकाच्या इतिहासाशी तिचा थेट धागा नाही. वेळ मर्यादित असेल तर ती सोडावी.

स्थळ वर्षभर उघडे नसते, उन्हाळा आणि शरदाचा आरंभ हाच मुख्य हंगाम असतो; म्हणून निघण्यापूर्वी वेळा आणि एकत्रित तिकिटाचे प्रकार तपासावेत. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी भोंग्याची इमारत, मग मनोरा, त्यानंतर 'एम्प्रेस'. आणि त्या दिवशी धुके असेल तर भेट पुढे ढकलू नये. मनोऱ्यावरून पाणी दिसणार नाही हे खरे, पण नदीकाठी एवढी यंत्रे आणि एवढी माणसे कशासाठी ठेवली होती, हे त्या दिवशी कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नाही.