ट्रॅव्हल बग, जिओकॉइन की नक्कल? उद्दिष्ट कुणी वाचणार नाही हे धरून केलेली तुलना

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे (जिओकॅश) शोधण्याचा खेळ, आणि ट्रॅकेबल म्हणजे कोड असलेली वस्तू, जी खेळणारे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेतात आणि जिचा प्रवास खेळाच्या संकेतस्थळावर दिसतो. पहिल्यांदा ट्रॅकेबल सोडणारा माणूस दोन गोष्टींवर डोकं लावतो: वस्तू कुठली घ्यायची आणि तिला पाठवायचं कुठे. ती ज्याच्या हाती पडेल त्याने आपलं म्हणणं वाचलंच नाही तर काय, हा प्रश्न सहसा नंतर पडतो, आणि तोवर वस्तू डोंगराऐवजी भलत्याच दिशेला गेलेली असते. म्हणून इथे पर्यायांची तुलना उलट्या टोकाने केली आहे. कुणीही उद्दिष्ट, म्हणजे वस्तू कुठे जावी हे मालकाचं म्हणणं, वाचणार नाही असं धरायचं आणि मग बघायचं, कुठल्या पर्यायाचं काय होतं.

आधी हे होतं कसं ते पाहू, कारण लोक वाटतात तितके बेफिकीर नसतात. डब्यातून ट्रॅकेबल उचलणाऱ्याच्या हातात धातूचा एक टॅग असतो. त्यावर कोरलेला कोड, पाठीवर बारकोड असलेल्या किड्याचं चित्र, बारीक मण्यांची साखळी आणि तिला लटकलेलं एखादं छोटं खेळणं. मालकाचं उद्दिष्ट मात्र या वस्तूवर कुठेच नसतं, ते असतं संकेतस्थळावरच्या पानावर. ते पान उघडायला कोड टाकावा लागतो, आणि पावसात, डासांत किंवा रेंज नसलेल्या जागी उभं राहून हे फार थोडे जण करतात. वस्तू खिशात जाते, कोड घरी गेल्यावर टाकला जातो, तेव्हा कळतं की मालकाला ती उत्तरेला हवी होती आणि आपण तर दक्षिणेला राहतो. निर्णय आधी, वाचन नंतर.

सोडतानाही तेच. मायक्रो आकाराच्या डबीत टॅग मावत नाही, त्यामुळे वाटेत जो पहिला बऱ्यापैकी मोठा डबा लागेल तिथे वस्तू टाकली जाते. दिशा वगैरे नंतरच्या गोष्टी. मदत करता येणार असेल तरच ट्रॅकेबल उचलावं, साधारण दोन आठवड्यांत पुढे सरकवावं, उशीर होणार असेल तर मालकाला कळवावं, असा संकेत आहे. पण तो संकेतच. मोडला म्हणून कुणी दंड करत नाही.

न वाचणारा हा फक्त एक प्रकार झाला. दुसरा विसरणारा: त्याच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात तुमची वस्तू वर्षभर सुखात असते. तिसरा संग्राहक, त्याला सगळं माहीत असतं आणि तरी ती हवी असते. चौथं लहान मूल. डब्यात अदलाबदलीची खेळणी असतात, त्यातलंच एक म्हणून ते तुमचं प्लॅस्टिकचं बदक उचलतं, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर त्यात काही चुकीचंही नाही. पाचवा नोंद न करता नेणारा. पानावर वस्तू अजून जुन्या डब्यातच दिसते, लोक तिथे जाऊन रिकाम्या हाताने परत येतात. तुम्ही जे काही सोडाल ते यांतल्या कुणाविरुद्ध टिकेल आणि कुणापुढे हात टेकेल, हे वेगवेगळं आहे.

ट्रॅव्हल बग आणि जिओकॉइन

तुलना खरी इथेच आहे. ट्रॅव्हल बग म्हणजे तो धातूचा टॅग, तो कशालाही अडकवता येतो. विकत घेताना तो जोडीने येतो: एक वस्तूबरोबर प्रवासाला जातो, दुसरा त्याच कोडाचा तुमच्याकडे राहतो. ही जोडी हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा, आणि सुरुवातीला तो कुणाच्या लक्षात येत नाही. पहिला टॅग हरवला की दुसरा नव्या खेळण्याला लावायचा, त्याच पानावर प्रवास पुढे चालू. नकाशा, जुन्या नोंदी, फोटो, सगळं शाबूत. लोकांनी तुमचं ऐकलं नाही तर वाया काय गेलं? एक खेळणं.

जिओकॉइनला अशी जोडी नसते. नाणं सुरेख असतं, जड असतं, रंग भरलेले असतात, हातात घेतल्यावर खाली ठेवावंसं वाटत नाही. अडचण नेमकी तीच. संग्राहकाला बगच्या टॅगमध्ये फारसा रस नसतो, नाण्यात असतो. शिवाय बऱ्याच नाण्यांना संकेतस्थळावर स्वतःचं वेगळं चिन्ह असतं, ते नोंद करणाऱ्याच्या आकडेवारीत झळकतं. त्यामुळे नाण्यांच्या नोंदी लोक हौसेने करतात, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. न वाचणाऱ्यांपुढे दोघांची अवस्था सारखीच. नेणाऱ्यांपुढे नाणं फार लवकर हरतं, आणि हरलं की परत यायची सोय नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. आवडलेलं, भेट मिळालेलं, ज्याच्यासाठी जीव हळहळेल असं नाणं डब्यात टाकू नये. चांगली माणसं भेटतील ही आशा ठीक आहे, पण साखळीतल्या शंभर चांगल्या माणसांनंतरचा एक वाईट पुरेसा होतो, आणि ट्रॅकेबल जितकं जास्त फिरेल तितका तो एक भेटण्याची शक्यता वाढतच जाते.

बगबरोबर काय लटकवायचं यावरही बरंच अवलंबून आहे. मुठीएवढं टेडी बेअर गोड दिसतं, पण ते फक्त मोठ्या डब्यांत मावतं, आणि मोठे डबे कमी. एकदा आत गेलं की तिथेच पडून राहतं. अंगठ्याएवढी वस्तू बरी: ओल्याने न कुजणारी, अणकुचीदार नसलेली आणि लहान मुलाला फार मोह न पाडणारी. मण्यांची साखळी ओढाताणीत सुटते, तिच्याऐवजी किल्लीची भक्कम कडी लावावी. टॅग वेगळा आणि खेळणं वेगळं झालं की खेळणं अदलाबदलीच्या ढिगात जातं.

नक्कल

नाण्याचा फोटो आणि कोड छापून लॅमिनेट करायचा किंवा लाकडाच्या चकतीवर कोरायचा, खरं नाणं घरी ठेवायचं, नक्कल फिरायला पाठवायची. यावर नाकं मुरडणारे आहेत. डब्यात हात घालून नाण्याऐवजी कागद निघाला तर हिरमोड होतोच, आणि काही जण तो तिथेच ठेवून निघून जातात. पण ठेवून जाणं म्हणजे हरवणं नव्हे. संग्राहकाला कागदाचा मोह होत नाही, मुलाला होत नाही, आणि ओला होऊन फाटला तर तुम्ही दुसरा छापता.

नकलेचा आणखी एक फायदा आहे, आणि या लेखाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. तिच्यावर जागा असते. नाण्यावर उद्दिष्ट लिहिता येत नाही, कार्डावर लिहिता येतं. वाचायला संकेतस्थळ उघडायची गरजच उरत नाही. फक्त ‘ही नक्कल आहे, मूळ नाणं मालकाकडे आहे, हिला खऱ्यासारखंच पुढे न्या’ हे स्पष्ट लिहावं, नाहीतर कुणीतरी कचरा समजून डबा साफ करताना काढून टाकतो.

फक्त दाखवायचं

टीशर्टवर, गाडीच्या काचेवर किंवा जिओकॅशिंग करणाऱ्यांच्या मेळाव्यात मांडलेल्या संग्रहात कोड ठेवायचा, लोकांनी पाहून ‘डिस्कव्हर’ अशी नोंद करायची. वस्तू तुमच्या हातून सुटतच नाही, म्हणून उद्दिष्ट मोडायचा प्रश्नही येत नाही. या पर्यायाला कमी लेखू नका. नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवर, १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या, एका उपकरणाच्या कॅलिब्रेशनसाठीच्या चकतीवर ट्रॅकेबलचा कोड आहे. रोव्हरने पाठवलेल्या छायाचित्रांत तो शोधून लोक इथे पृथ्वीवर बसून नोंद करतात. चोरीला जायची भीती नसलेलं ट्रॅकेबल म्हणायचं तर तेच. त्याआधी ऑक्टोबर २००८ मध्ये अवकाश पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जिओकॅश आणि ट्रॅव्हल बग नेला होता.

धोका एकच: कोडाचा फोटो उघड झाला की वस्तू कधी न पाहिलेल्यांच्या नोंदींचा पाऊस पडतो. कोडांच्या याद्या लोक आपसांत फिरवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मालक म्हणून तुम्ही अशा नोंदी काढून टाकू शकता, पण ते कंटाळवाणं काम आहे.

उद्दिष्ट कुठलं?

वस्तूपेक्षा हा निर्णय जास्त नाजूक आहे.

ठराविक ठिकाण, म्हणजे ‘अमुक शहरातल्या अमुक डब्यात पोचव’, हे सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात ठिसूळ. त्यासाठी साखळीतल्या प्रत्येकाने वाचायला हवं आणि प्रत्येकाचा रस्ता तिकडे जायला हवा. पैकी वाचन आपण थोडंफार घडवू शकतो, रस्ता नाही. सुट्टीला निघालेला माणूस वस्तू उचलून दुसऱ्या खंडात सोडतो, हेतू चांगला असतो, कारण ‘फिरवायचं’ एवढंच त्याला ठाऊक असतं. आणि मालक वैतागतो.

‘किनाऱ्याच्या दिशेने’, ‘डोंगरांतून डोंगरांत’ अशी ढोबळ दिशा जास्त सोसते. एक जण चुकला तर पुढचा दुरुस्त करतो, मोडलं असं काही वाटत नाही.

‘जिथे सोडाल तिथला फोटो टाका’ हे काम उत्तम वाटतं, पण अनुभव असा की फोटो पहिले काही जण टाकतात आणि मग ‘घेतलं, धन्यवाद’ अशा नोंदी सुरू होतात. तरी हे उद्दिष्ट मोडल्याने वस्तू कुठे चुकत नाही. फोटो आला तर आनंद, नाही आला तर प्रवास चालूच.

शर्यत हा वेगळाच प्रकार. मित्रमंडळी एकाच दिवशी आपापले बग सोडतात आणि ठराविक मुदतीत कुणाचा सर्वांत लांब जातो ते बघतात. कुणी काही वाचलं नाही तरी शर्यत चालते, कारण कुठेही सरकणं हेच उद्दिष्ट. वाचणारा तिथे उपयोगाचा असला तरी गरजेचा नसतो. पहिल्यांदा सोडणाऱ्याने, माझ्या मते, इथूनच सुरुवात करावी.

आकड्यांबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. अंतर दोन डब्यांमधल्या सरळ रेषेत मोजलं जातं, आणि ‘व्हिजिट’ अशी नोंदही त्यात धरली जाते. वस्तू बॅगेत ठेवून जाईल त्या प्रत्येक डब्याला ‘व्हिजिट’ लावणारे असतात, काही ॲप हे आपोआप करतात. अंतर भराभर वाढतं, नकाशावर एकाच परिसरात कोळ्याचं जाळं तयार होतं, आणि वस्तू महिनोन्‌महिने एकाच माणसाकडे असते. काही मालकांना यात मजा वाटते, मला वाटत नाही. तुम्हाला नको असेल तर वस्तूबरोबर एक कार्ड जोडा आणि त्यावरच लिहा: ‘व्हिजिट नको, पुढे सोडा.’

हे कार्ड मात्र हवंच, पर्याय कुठलाही निवडा. दोन ओळी पुरेत, मोठ्या अक्षरांत, आणि जमल्यास जिथे वस्तू जाईल तिथल्या भाषेतही. साधारण असं:

‘मी अदलाबदलीचं खेळणं नाही, प्रवासी आहे. मला समुद्राकडे न्या. तिकडे जात नसाल तर इथेच राहू द्या.’

शेवटचं वाक्य फार कामाचं. वाचूनही दुसरीकडे नेणाऱ्यांना बहुतेक वेळा हे माहीतच नसतं की न उचलणं हाही एक पर्याय आहे.

बिघडल्यावर हातात काय राहतं

संदेश पाठवता येतो, आणि तो सौम्य असावा. ‘कृपया सांगाल का, बग अजून तुमच्याकडे आहे का?’ याला उत्तर येतं, ‘तुम्ही माझं उद्दिष्ट धुडकावलंत’ याला शांतता मिळते, आणि पुढे वस्तूही मिळत नाही. पानावरचं उद्दिष्ट केव्हाही बदलता येतं. बग चुकून दुसऱ्या देशात गेला असेल तर ‘आता या देशातले किल्ले बघ’ असं लिहून मोकळं व्हावं. कुणी मुळीच उत्तर देत नसेल तर वस्तू हरवली अशी नोंद करता येते, मग ती अज्ञात ठिकाणी जाते, आणि पुढे कधी सापडली तर कोड हाती असलेला माणूस तिथूनही तिला परत नोंदवू शकतो. तसं घडतं, कधी वर्षांनी.

तर निवड. मुलांबरोबर नकाशावर रेषा वाढताना बघायची असेल तर ट्रॅव्हल बग, अंगठ्याएवढी वस्तू, शर्यतीसारखं सैल उद्दिष्ट. आवडतं नाणं असेल तर नक्कल, नाहीतर मेळाव्यात फक्त दाखवा. एखाद्या विशिष्ट ठिकाणी काही पोचवायचंच असेल तर डब्यांच्या साखळीवर भिस्त ठेवू नका, मेळाव्यात तिकडे निघालेला माणूस गाठा आणि त्याच्या हाती द्या.

पहिला डबा निवडताना अलीकडच्या नोंदी वाचा. ट्रॅकेबलसाठी बनवलेले मोठे ‘हॉटेल’ डबे सोयीचे वाटतात, पण ‘एक ठेवलंत तरच एक न्या’ अशी अट घालणाऱ्या डब्यात वस्तू अडकून बसते. खरं तर ट्रॅकेबल न्यायला बदल्यात काही ठेवावं लागत नाही. अशी अट वाचलीत की दुसरा डबा बघा.