खंडणीवाला भाई खोटा होता, पण सेटलमेंटवाल्याने आम्हाला खरं लुटलं

सहा महिने लिहू की नको चाललं होतं, शेवटी बायको म्हणाली लिही, लाज तुझी जायची ती गेलीच आहे, दुसऱ्या कुणाचे पैसे तरी वाचतील. तर लिहितोय.

आम्ही तिघं पार्टनर, छोटा मराठी सिनेमा, पैसा सगळा घरचा. एकाने प्लॉट विकला, मी पीएफ काढला. पॅचवर्कचे, म्हणजे राहिलेल्या तुकड्यांच्या शूटिंगचे तीन दिवस बाकी असताना टीझर टाकला, दोन पेपरांत चार ओळी आल्या आणि चौथ्या रात्री पावणेबाराला व्हॉट्सॲप कॉल, नंबर परदेशातला. "प्रोड्युसर बोल रहा है क्या? दस पेटी तैयार रख." पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, हे या लाइनमध्ये स्पॉटदादालाही माहीत असतं. मला आधी हसूच आलं, दहा पेट्या असत्या तर क्लायमॅक्सला क्रेन नसती का घेतली आम्ही. पण पुढचं वाक्य आलं, "परसों सुबह छे बजे मेणवली घाट पे शूटिंग है ना, हिरोइन की गाडी पुणे से आएगी," आणि पोटात गोळाच आला. गँगचं नाव पण घेतलं, तीच, एप्रिल २०२४ ला सलमानच्या घरावर गोळीबार झाल्यापासून रोज बातम्यांत असते ती.

आता इथे थोडं थांबतो. त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता आम्ही मेणवली कॅन्सल केलं होतं, घाटावर पाणी चढलं म्हणून सीन भोरच्या राजवाड्यात नेला होता आणि नवी कॉलशीट, म्हणजे कुणी कधी कुठे यायचं तो कागद, युनिटला दुसऱ्या दिवशी जाणार होती. जुनी कॉलशीट फक्त सात जणांकडे होती. म्हणजे एवढा मोठा इंटरनॅशनल भाई आणि त्याच्याकडे माहिती कुठली, तर आमची कॅन्सल झालेली पीडीएफ! हे मला त्याच रात्री कळायला हवं होतं, कळलं दोन महिन्यांनी. भीती वाटली की माणूस काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, फक्त "याला सगळं माहितीये" एवढंच डोक्यात राहतं.

सकाळी आमच्या प्रॉडक्शन कंट्रोलरने सुचवलं, एक दादा आहेत, जुने, त्यांची दोन्हीकडे ओळख आहे, ते बोलतील. दादा आले. पांढरा शर्ट, सगळ्यांना बाळा म्हणणार, आल्या आल्या स्वतःचे दोन्ही फोन माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवले आणि ड्रॉवर लावून घेतला. "ऐकतात रे." मग चहा पीत पीत सुरू झाले, पोथी वाचावी तसं, सिनेमावाल्यांत कुणावर कधी गोळ्या झाडल्या ते. १२ ऑगस्ट १९९७, अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमार. २१ जानेवारी २०००, सांताक्रूझला ऑफिसबाहेर राकेश रोशन, पिक्चर लागून आठवडा झालेला. २००१ ला मनीषा कोईरालाचा सेक्रेटरी. तेव्हा बँका पिक्चरला दारात उभं करायच्या नाहीत, इंडस्ट्रीचा दर्जा द्यायची घोषणाच १९९८ ची, तोवर पैसा कुणाकुणाचा लागायचा आणि त्याच्या मागोमाग ओव्हरसीज राइट्स, म्हणजे परदेशात पिक्चर लावायचे हक्क मागणारे फोन कसे यायचे, सगळं. गंमत अशी की यातलं काहीच खोटं नव्हतं, नंतर मी तारखा तपासल्या. खोटं एवढंच होतं की पुढचा नंबर आमचा आहे.

आणि तो बोलत असतानाच भाईचा कॉल आला. दादा समोर, फोन ड्रॉवरमध्ये, म्हणजे दादावर संशयाचा प्रश्नच नाही! त्याने माझा फोन घेतला, "भाई, बंदा अपना है, मराठी पिक्चर है, इनके पास क्या होता है," असं करत करत दहाचे दोन केले. मी त्याचे हात धरून आभार मानले हो. आणि वर मला म्हणाला, चॅट, कॉल लॉग सगळं उडव, पुरावा ठेवू नकोस. पोलिसांत गेलास तर आधी तुलाच विचारतील कॅश कुठून आणली. हे बरोबर लागलं, कारण थोडा व्यवहार आमचा पण कॅशमध्ये होता, सगळ्यांचाच असतो.

दोन लाख कॉस्च्युमच्या पिशवीत, नऊवारीच्या घडीखाली घालून दिले. पार्टनरने बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या त्यातले.

दोन महिन्यांनी परत फोन. यावेळी भाईच्या भाच्याचं लग्न. एक पेटी. तेव्हा कुठे डोकं चाललं, कारण पहिला कॉल आल्यावर मी घाबरून बहिणीला भाईची ती मेणवलीवाली व्हॉइस नोट फॉरवर्ड केली होती ती तिच्याकडे शिल्लक होती, ती ऐकताना तिने विचारलं, "अरे पण तुमचं शूटिंग तर भोरला होतं ना?"

मग क्राइम ब्रँचच्या खंडणीविरोधी पथकाकडे गेलो. कॅशवरून कुणी डाफरलं नाही. वैतागले ते एकाच गोष्टीवर, चॅट का उडवलं. परदेशी नंबर ॲपवरून घेतलेला व्हर्च्युअल निघाला. फोन करणारा पोरगा आमच्याकडे सेटिंगला, म्हणजे सेट लावायच्या कामाला तीन दिवस होता, भाई वगैरे कुणाला आयुष्यात भेटलेला नाही. ऑक्टोबर २०२४ ला त्याच गँगच्या नावाने सलमानसाठी पाच कोटींचा मेसेज ट्रॅफिक पोलिसांच्या व्हॉट्सॲपवर आला होता, त्यात पकडलेला माणूस जमशेदपूरचा भाजीवाला होता, ती बातमी मी स्वतः वाचून हसलो होतो. मराठी सिनेमावाल्यांनो, असा कॉल आला तर उडवू नका, स्क्रीनशॉट काढा, तारीख वेळ लिहा, तो काय बोलला ते शब्दाला शब्द लिहा, आणि मध्यस्थ सुचवणाऱ्याचं नाव सगळ्यात आधी लिहा. आता भारतीय न्याय संहितेचं ३०८ कलम आहे, मरणाची भीती घालून पैसे उकळले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि ती मागणाऱ्याइतकीच त्याच्याशी संगनमत करून "सेटल" करणाऱ्यालाही लागू शकते.

केस चालू आहे, दादा जामिनावर बाहेर आहे, कंट्रोलर म्हणतो मला काही माहीतच नव्हतं. पैसे मिळालेले नाहीत. सिनेमा लागला आणि दोन आठवड्यांत उतरला पण. ऋणनिर्देशाच्या पाटीत चौथं नाव दादाचं आहे, मीच घालायला सांगितलं होतं, सेन्सॉरची कॉपी निघून गेली होती म्हणून काढता आलं नाही.