लग्न की नोंदणीकृत भागीदारी?

समलिंगी जोडप्यांच्या हक्कांचा वाद पेटला की "लग्न नको, नोंदणीकृत भागीदारी (लग्नाऐवजी जोडपे म्हणून कायदेशीर नोंद) द्या" हा मधला मार्ग हमखास पुढे येतो. डेन्मार्कने १९८९ मध्ये जगात सर्वांत आधी तोच धरला. लग्नाचा कायदा तिथे २०१२ मध्ये झाला. दत्तकाचा हक्क मधल्या वर्षांत टप्प्याटप्प्याने पदरात पडला.

फरक कुठे बोचतो, ते फ्रान्सच्या १९९९ च्या 'पॅक्स' या तिथल्या नोंदणीकृत भागीदारीच्या करारात दिसते. (स्त्री-पुरुषांनाही तो करता येतो.) जोडीदार मृत्युपत्र न करता गेला, तर मागे राहिलेला वारस ठरतच नाही. घर मृताच्या एकट्याच्या नावावर असेल, तर ते त्याच्या नातेवाइकांकडे जाते. दुःखाच्या दिवसांत हे अन्यायाचेच आहे. लग्न झालेला जोडीदार मात्र मृत्युपत्राविनाही वारस असतो. म्हणून पॅक्सची नोंदणी आणि मृत्युपत्र एकाच वेळी उरकावे. जोडीदारामागचे निवृत्तिवेतन मात्र मृत्युपत्रानेही मिळत नाही. त्याला लग्नच लागते.

मोडण्याच्या बाबतीत पॅक्स सोपा: एकाची नोटीसही पुरते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पण घटस्फोटात कमकुवत बाजूला मागता येणारी भरपाईची रक्कम इथे नाही. फ्रान्समध्ये २०१३ पासून समलिंगी जोडप्यांना दोन्ही वाटा खुल्या आहेत.