इम्प्लांट की पोटाची चरबी?
बीआरसीए या जनुकातल्या दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो; त्यामुळे दोन्ही स्तन काढायचे ठरले, की पुढचा प्रश्न उभा राहतो: नवे स्तन कशाने घडवायचे? सिलिकॉन इम्प्लांटचं ऑपरेशन त्यातल्या त्यात आटोपशीर. अँजेलिना जोलीने २०१३मध्ये जाहीर केला तो हाच मार्ग. पण इम्प्लांटभोवती शरीर तयार करतं ते आवरण आवळून दुखू शकतं, पुढेमागे तो बदलावाही लागतो.

दुसरा मार्ग डीआयईपी फ्लॅप: यात पोटाची त्वचा-चरबी छातीवर आणून बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडतात. सात-आठ तास सहज जातात, ओटीपोटावर आडवा लांब व्रण राहतो. जमलं तर स्तन मऊ, वजनाबरोबर कमी-जास्त होणारा. मात्र पोट एकदाच वापरता येतं, आणि इथे दोन स्तन घडवायचे! सडपातळ बाईने तेवढी चरबी आणायची कुठून? तिला इम्प्लांटच बरं. रेडिएशन झालं असेल तर मात्र माझा कौल पोटाला.