आयएसओ टेस्टिंग ग्लास आणि वीस गुणांचा तक्ता: काही महिन्यांच्या वापरानंतर

जगभरातल्या वाईन चाखून त्यांना गुण देण्यासाठी गेले काही महिने मी दोन साधने नेमाने वापरत आहे. एक म्हणजे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ३५९१ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे बनवलेला टेस्टिंग ग्लास, म्हणजे वाईन चाखण्याचा ग्लास, आणि दुसरे म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील विभागात मेनार्ड अमेरीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये मांडलेला वीस गुणांचा तक्ता. पुण्यात आम्ही काही मित्रमैत्रिणी ठरावीक अंतराने एकत्र जमतो, बाटल्या कापडी पिशव्यांत झाकून ठेवतो आणि प्रत्येक जण न बोलता आपापला कागद भरतो. या काळात माझे मत पुरेसे पक्के झाले आहे, आणि ते आधीच सांगते: ग्लास मी यापुढे प्रत्येक वाईनसाठी वापरेन; तक्ता मात्र सदोष वाईन ओळखण्यासाठी उत्तम असला, तरी दोन चांगल्या वाईनमधला फरक सांगण्याच्या बाबतीत तो फार लवकर थांबतो, आणि काही देशांच्या वाईनवर तर तो सरळसरळ अन्याय करतो.

ग्लासबद्दल आधी लिहिते. हे मानक १९७७ चे असून त्यात ग्लासची मापे मिलिमीटरमध्ये ठरवून दिलेली आहेत: एकूण उंची सुमारे १५५, पोटाचा सर्वांत रुंद भाग ६५ आणि तोंडाचा व्यास ४६. ग्लासमध्ये एकूण सुमारे २१५ मिलिलिटर मावते, पण चाखण्यासाठी त्यात फक्त ५० मिलिलिटर वाईन ओतायची असते. एवढ्या मोठ्या पोटात एवढीशीच वाईन का, याचे उत्तर ग्लास फिरवल्याबरोबर मिळते. वाईन काठावर चढून पातळ थरात पसरते, तिच्यातले उडनशील घटक वरच्या रिकाम्या जागेत साठतात आणि तोंड आत वळलेले असल्यामुळे ते पटकन निसटत नाहीत. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाची एकच वाईन या ग्लासमध्ये आणि घरातल्या सरळ भिंतीच्या पाण्याच्या ग्लासमध्ये शेजारी शेजारी ओतून पाहिल्यास, दुसऱ्या ग्लासमधला गंध निम्मा झाल्यासारखा वाटतो.

अर्थात, हा जगातला सर्वोत्तम वाईन ग्लास आहे असे माझे म्हणणे नाही. फ्रान्समधल्या जुन्या बरगंडीसारख्या नाजूक, हळूहळू उलगडणाऱ्या रेड वाईनला याहून मोठे पोट हवे, आणि शॅम्पेनचे बुडबुडे यात नीट पाहता येत नाहीत. परंतु गुण देताना सौंदर्यापेक्षा समानतेला महत्त्व आहे. सगळ्या वाईन एकाच आकाराच्या ग्लासमधून नाकापर्यंत पोहोचल्या, तर निदान ग्लासमुळे पडणारा फरक हिशेबातून वजा होतो.

वापरातून कळलेल्या काही व्यावहारिक बाबी येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण त्या ग्लासच्या खोक्यावर लिहिलेल्या नसतात. हे ग्लास कपाटात उलटे ठेवू नयेत. लाकडाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आत कोंडतो आणि तोच पुढे वाईनच्या नावावर लिहिला जातो. धुतल्यावर साबणाचा अंशही राहता कामा नये, म्हणून शेवटी गरम पाण्याने खळखळून घ्यावेत. आपल्या घरांत सर्वांत मोठी अडचण फोडणीची असते. हिंग आणि मोहरी तडतडलेल्या स्वयंपाकघरात निदान तासभर तरी कोणत्याही वाईनचे प्रामाणिक मूल्यमापन होऊ शकत नाही. त्यामुळे आम्ही स्वयंपाकाच्या आधी, दुपारी उशिरा बसतो; त्या वेळी घरात उदबत्ती लावलेली नसते आणि कोणी अत्तर किंवा मोगऱ्याचा गजराही घालून येत नाही. तापमानाचेही तसेच आहे. रेड वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे; पुण्यात एप्रिलमध्ये खोलीचे तापमान ३५ अंशांच्या पुढे जाते आणि त्या तापमानाला कोणतीही रेड वाईन नुसत्या अल्कोहोलसारखी लागते. फ्रिजमध्ये ठेवून ती १६ ते १८ अंशांवर आणली, तरच तिला न्याय मिळतो.

आता तक्त्याकडे वळते. आमच्या वापरातल्या प्रतीत स्वच्छतेला (म्हणजे गढूळ नसण्याला) २, रंगाला २, गंधाला ४, व्हिनेगरसारख्या आंबूसपणाच्या अभावाला २, आम्लतेला २, गोडव्याला १, बॉडीला (म्हणजे तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणाला) १, चवीला २, तुरटपणाला २ आणि एकूण दर्जाला २ असे गुण आहेत. १७ आणि त्यापुढचे गुण असामान्य वाईनला, १३ ते १६ नेटक्या आणि निर्दोष वाईनला, आणि त्याखाली दोषांची उतरंड सुरू होते. ही विभागणी नीट पाहिली की तक्त्याचा हेतू स्पष्ट होतो. विद्यापीठात प्रयोगासाठी तयार केलेल्या वाईन तपासण्याकरिता तो बनवला गेला, आणि त्या काळात वाईन गढूळ होणे, आंबणे, रंग बिघडणे या नित्याच्या तक्रारी होत्या. म्हणून निम्म्याच्या आसपास गुण केवळ काही बिघडलेले नाही याबद्दल मिळतात.

या कामात तक्ता खरोखरच तरबेज आहे. आंबूसपणासाठी स्वतंत्र रकाना असल्यामुळे प्रत्येक वाईनमध्ये ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा, आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारख्या वासाचा शोध मुद्दाम घ्यावा लागतो, आणि तो घेण्याची सवय लागली की पूर्वी नुसतीच विचित्र वाटणारी वाईन नेमकी कशामुळे विचित्र आहे ते सांगता येते. बुचामुळे येणाऱ्या दोषाचीही ओळख मला याच शिस्तीतून झाली. त्या दोषामागचे ट्रायक्लोरोॲनिसोल हे संयुग लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही नाकाला कळते. पावसाळ्यात ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा वास, त्यामागे दडपून गेलेला फळांचा गंध आणि तोंडात उरणारी एक पोकळी असे त्याचे रूप असते. एका दुकानातून आणलेल्या महागड्या स्पॅनिश रेडमध्ये आम्हा सगळ्यांना तो आढळला. बाटली झाकलेली असल्यामुळे कोणी किमतीकडे पाहून गप्प बसले नाही. दुकानदाराने ती परत घेण्यास नकार दिला, ही वेगळी खंत.

तक्ता अपुरा पडायला लागतो तो निर्दोष वाईनच्या पुढे. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग काबिनेट, म्हणजे रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची हलकी वाईन, घ्या. अल्कोहोल बहुधा ८-९ टक्केच, गोडवा स्पष्ट, आणि त्या गोडव्याला धरून ठेवणारी धारदार आम्लता. या वाईनचे सगळे मर्म त्या दोहोंच्या ताणात आहे. तक्ता मात्र आम्लतेला वेगळे दोन आणि गोडव्याला वेगळा एक गुण देऊन मोकळा होतो. त्या दोघांमधल्या नात्याला कुठलाच रकाना नाही. शिवाय काही वर्षे मुरलेल्या रीसलिंगला रॉकेलसारखा एक वास येतो, तो तिच्या ओळखीचा भाग आहे. पण हे ठाऊक नसलेला माणूस गंधाचे दोन गुण नक्की कापतो, आणि आमच्यातल्या एकाने ते कापलेही.

स्पेनमधल्या हेरेसची फिनो शेरी, म्हणजे वरून अल्कोहोल घालून तीव्र केलेली कोरडी वाईन, याहून अवघड ठरते. पिंपातल्या वाईनवर यीस्टची पांढरी साय धरते, तिला फ्लोर म्हणतात, आणि तिच्यामुळे ॲसिटाल्डिहाइड हे संयुग तयार होऊन कापून ठेवलेल्या सफरचंदाचा आणि भिजवलेल्या बदामाचा वास येतो. साध्या टेबल वाईनमध्ये हाच वास दोष मानला जातो. जॉर्जिया देशातल्या काखेती प्रदेशात जमिनीत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मातीच्या रांजणांत साली आणि बियांसकट मुरवलेली रकात्सितेली ही तर पांढऱ्या द्राक्षांची असूनही गडद पिवळसर तांबूस दिसते आणि चहासारखी तुरट लागते. ही पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. आमच्या तक्त्यावर तिला रंगाचे आणि तुरटपणाचे मिळून फारच थोडे गुण पडले, आणि तरीही त्या दिवशी सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलेली वाईन तीच होती. ज्या साधनाला हे नोंदवता येत नाही, त्याच्यावर जगभरच्या वाईन एका रांगेत लावण्याचे काम सोपवू नये, असे मला ठामपणे वाटते.

शंभर गुणांची पद्धत यावर उपाय आहे का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकन वाईन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १९७८ मध्ये सुरू केलेल्या आपल्या नियतकालिकातून ती रुजवली आणि आज बहुतेक बाटल्यांच्या जाहिरातींत तीच दिसते. या पद्धतीत वाईनला मुळातच ५० गुण मिळतात आणि व्यवहारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक वाईन ८५ ते ९५ च्या दरम्यान दाटीवाटीने बसतात. आम्ही ती काही बैठकांत वापरून पाहिली आणि सोडून दिली, कारण ८९ आणि ९१ यांत काय फरक आहे, हे लिहिणाऱ्यालाच पुढच्या आठवड्यात सांगता येईना.

या अनिश्चिततेत आम्ही एकटे नाही, हे वाचून मला दिलासा मिळाला. वाईन उत्पादक आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाईन स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन त्यांना न सांगता तीनदा दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार जेमतेम १० टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या कक्षेत ठेवले. कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाईन झाकून चाखलेल्या १९७६ च्या पॅरिसमधल्या प्रसिद्ध चाचणीतही, जिथे कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाईन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने ही रेड वाईन पहिली आली, तिची आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या फ्रेंच शातो मूतों रोत्शिल्दची सरासरी एका गुणापेक्षा बऱ्याच कमी अंतरावर होती. तेव्हापासून आमच्या बैठकीत एक त्रिकोणी चाचणी असते: तीन ग्लासांपैकी दोनांत एकच वाईन आणि तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ज्याला ओळखता येत नाही, त्याचे त्या जोडीविषयीचे गुण हिशेबात धरायचे नाहीत. हा नियम कडक वाटेल, पण त्याने आमच्या आकड्यांना प्रथमच काही वजन आले.

सगळ्यांच्या गुणांच्या सरासरीबद्दलही एक गोष्ट लक्षात आली. सिराह या द्राक्षाच्या वाईनला काळ्या मिरीचा जो वास येतो तो रोटंडोन या संयुगाचा, असे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, आणि सुमारे एक पंचमांश लोकांना तो वास येतच नाही. आमच्यातल्या एका मैत्रिणीसमोर फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातल्या सिराहशेजारी ताजी मिरी कुटून ठेवली, तरी तिला वाईनमध्ये मिरी सापडत नाही, आणि ती त्या वाईनला नेहमी कमी गुण देते. तिचे गुण चुकीचे नाहीत. तिच्यापर्यंत पोहोचलेली वाईनच वेगळी आहे. म्हणून आता आम्ही सरासरी काढण्याऐवजी प्रत्येकाचा आकडा त्याच्या नावासमोर वेगळा ठेवतो.

नाशिकच्या वाईन या सगळ्यांत कुठे बसतात, हे विचारणारे बरेच जण भेटतात. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, त्यामुळे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना होणारी फळछाटणी असा दुहेरी क्रम असतो आणि काढणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते. झाकलेल्या बाटल्यांत नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ न्यूझीलंडच्या मार्लबरोच्या शेजारी ठेवली असता, मला तिच्यात हिरव्या ढोबळी मिरचीचा वास अधिक आणि पॅशनफ्रूटचा कमी आढळला. स्वच्छतेत आणि आम्लतेत ती कुठेही मागे नव्हती. शनँ ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षात मात्र फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली वूव्रे ही वाईन बरीच पुढे होती, कारण तिची चव घोट संपल्यावरही कितीतरी वेळ तोंडात रेंगाळते आणि आमची लवकर मावळते. ही लांबी मूळ तक्त्यात स्वतंत्रपणे मोजली जात नाही, हीदेखील त्याची मोठी उणीव आहे. किंमत मात्र तुलनेत धरू नये. आयात वाईनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क होते. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेला करार लागू झाल्यावर तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांना सवलत मिळू लागली. दोन हजारांच्या परदेशी बाटलीतले बरेचसे पैसे वाईनचे नसतात.

सध्या आम्ही तक्त्यात दोन बदल करून तो वापरत आहोत. रंगाचा एक गुण काढून चवीच्या लांबीला दिला आहे, आणि कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात वाक्ये लिहून झाल्याखेरीज खालच्या आकड्यांना हात लावायचा नाही असे ठरवले आहे. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सुटा एक ग्लास घेण्याऐवजी एकाच बनावटीचे सहा घ्यावेत, कारण तुलना करायची तर किमान तीन समोर हवेत आणि एखादा फुटणारच. जोडीला घोट थुंकण्यासाठी स्टीलचे एक खोलगट भांडे जरूर ठेवावे. ते नसेल तर चौथ्या वाईनपासून पुढचे सगळे गुण वाढत जातात, हे आमच्या कागदांवर स्पष्ट दिसते.